रिले, कॉन्टॅक्टर की एसएसआर? पंपाने रात्रभर पाणी सांडल्यावर पडलेला प्रश्न

खोपटकर | रविवार, सकाळी १०:१२

मंडळी, आमची सोसायटी ठाण्यात खोपटला आहे. जुनी, चार मजली, बत्तीस घरं. कमिटीत पाण्याचं काम माझ्याकडे आहे. मार्चमध्ये पंपासाठी टायमरवाला वायफाय स्विच बसवला. पंप दीड एचपीचा, सिंगल फेज, पाटीवर ९ अँपिअर. स्विचवर १६ अँपिअर छापलेलं. म्हटलं, जवळजवळ दुप्पट आहे, काही होणार नाही.

परवा पहाटे साडेतीनला वॉचमनकाकांनी बेल वाजवली. गच्चीवरची टाकी ओसंडून पाणी जिन्याने खाली येत होतं. मोबाइलवर बघतो तर स्विच ‘बंद’ दाखवतोय आणि पंप चालूच. मेन पाडला तेव्हा थांबला. खालची टाकी रिकामी, आणि नेमका दुसऱ्या दिवशी पाण्याचा शटडाउन. बत्तीस घरांना टँकर मागवावा लागला, त्यात दोन घरी तान्ही मुलं आहेत. मला फार वाईट वाटलं.

स्विच उघडला. आत काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा काळा रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने पत्ती ओढून करंट जोडणारा स्विच. त्याचं झाकण कटरने कापलं. आतली पत्ती बोटाने हलवली, हलेना. दोन चांदीचे ठिपके, म्हणजे कॉन्टॅक्ट, एकमेकांना चिकटून बसले होते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रेटलं तेव्हा टिक्‌ करून सुटले. एका ठिपक्यावर खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा.

आता वायरमन म्हणतो कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, टाका. दुकानदार म्हणतो २५ अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या, त्यात कॉन्टॅक्टच नाहीत, चिकटणार काय? भाचा म्हणतो ३० अँपिअरचा रिले लावू. तिन्ही विजेवर चालणारे स्विचच ना? मग फरक नक्की कशात आहे? कृपया समजावून सांगा, पुन्हा चूक करायची नाही.

---

रबाळे_पॅनल | रविवार, दुपारी १२:४०

खोपटकर साहेब, तुम्ही झाकण कापून आत पाहिलंत हे फार चांगलं केलंत. खड्डा आणि उंचवटा म्हणजे चांदी वितळून एका बाजूची दुसरीकडे गेली. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात बावीस वर्षं पॅनल बनवतोय, असे ठिपके शेकड्याने पाहिलेत.

पहिली गोष्ट, त्या १६ आकड्याची. तो बहुतेक वेळा साध्या रोधी लोडसाठी असतो. म्हणजे गीझर, इस्त्री, हीटर. त्यात चालू करताना आणि चालू असताना करंट साधारण तोच. मोटरचं तसं नसतं. ती उभी असताना तिच्यात विरोधी व्होल्टेज तयार झालेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीचा क्षणभर ती पाच ते सात पट करंट ओढते. तुमच्या ९ चे ४५ ते ६३ अँपिअर होतात.

आणि कॉन्टॅक्ट एकदाच मिटतो असं आपल्याला वाटतं. तो मिटताना उसळतो. फरशीवर गोटी टाकल्यासारखा, काही मिलिसेकंदांत दोन-चार वेळा. प्रत्येक उसळीला बारीक फट पडते, फटीत ठिणगी, ठिणगीने चांदी वितळते, आणि त्या वितळलेल्या चांदीवर कॉन्टॅक्ट पुन्हा येऊन बसतो. थंड झाली की डाग दिला तसं. बहुतेक वेळा स्प्रिंग ते तोडते. एखाद्या रात्री नाही तोडता येत.

म्हणून कॉन्टॅक्टरच्या पाटीवर किती अँपिअर एवढंच नसतं, कोणत्या कामासाठी तेही लिहिलेलं असतं. आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ती वर्गवारी आहे. एसी-१ म्हणजे रोधी लोड. एसी-३ म्हणजे नेहमीची पिंजरा मोटर, जी सुरू करायची आणि पूर्ण वेगात असताना बंद करायची. एसी-४ म्हणजे त्याच मोटरला झटके देत चालवणं, उलट फिरवून थांबवणं. एकच कॉन्टॅक्टर एसी-१ ला २५ अँपिअरचा असतो आणि एसी-३ ला ९ चा. डबी तीच, चांदी तीच. मोटरसाठी निवडताना एसी-३ चीच ओळ वाचायची.

दुसरं बनावटीचं. रिलेत पत्ती एका बाजूला बिजागरीवर असते, दारासारखी उघडते, आणि करंट एकाच ठिकाणी तुटतो. कॉन्टॅक्टरमध्ये प्रत्येक फेजला एक छोटा पूल असतो, तो सरळ मागे-पुढे होतो आणि दोन्ही टोकांना एकदम सुटतो. एका ठिणगीच्या दोन होतात, प्रत्येकीच्या वाट्याला निम्मं व्होल्टेज. वर ठिणगी विझवायला प्रत्येक फेजला वेगळी खोली, आणि स्प्रिंग जाड. कॉइल मोठी असते ती याच स्प्रिंगला दाबायला.

तुम्हाला वायफाय स्विच फेकायची गरज नाही. त्याच्याकडून मोटर चालवू नका, कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) घेते, धरून ठेवताना ७-८. तुमच्या रिलेला ते काहीच नाही. फक्त ए१ आणि ए२ वर, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर, झटका शोषणारा एक सप्रेसर लावा, कॉइल सोडताना उलट झटका मारते.

---

घणसोली_सेक्टर_७ | रविवार, दुपारी १:५५

दादा, मधेच विचारतो. आमच्या पंपाला कॉन्टॅक्टरच आहे, पण सारखा घूं-घूं करतो. पावसाळ्यात जास्तच. बदलायचा का?

---

रबाळे_पॅनल | रविवार, दुपारी ३:२०

लगेच नको, आधी उघडून बघा. मेन पाडून, टेस्टरने खात्री करून.

एसी कॉइलचं चुंबकत्व ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा शून्यावर येतं. तेवढ्या वेळा स्प्रिंग लोखंड सोडवायला बघते. ते होऊ नये म्हणून लोखंडाच्या तोंडाच्या एका भागाभोवती तांब्याची कडी बसवलेली असते, शेडिंग रिंग म्हणतात. चुंबकत्व बदललं की त्या कडीत आपोआप करंट फिरतो आणि तेवढ्या भागाचं चुंबकत्व थोडं मागाहून शून्यावर येतं. म्हणजे एक भाग ढिला पडतो तेव्हा दुसरा धरून असतो. वायर नाही, स्क्रू नाही, नुसती एक कडी. मला या सगळ्या धंद्यात ती सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

आवाज येतो तेव्हा तीनपैकी एक कारण असतं. कडीला तडा गेलाय. किंवा लोखंडाच्या दोन तोंडांमध्ये काही बसलंय: धूळ, गंज, खाडीकडच्या दमट हवेत गंज लवकर धरतो, आणि मुंग्या. हसू नका, चिरडलेल्या मुंग्यांचा थर मी स्वतः खरवडलाय. किंवा व्होल्टेज कमी येतंय. कॉइल तिच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट ओढली पाहिजे, त्याखाली भरवसा नाही.

कोरड्या फडक्याने तोंड पुसा. तेल, ग्रीस अजिबात लावू नका. त्याला धूळ चिकटते, आणि चिकटपणामुळे लोखंड सुटायला उशीर होतो. कानस तर मुळीच मारू नका, ते तोंड घासून तंतोतंत केलेलं असतं.

आणि दुर्लक्ष करू नका. लोखंड पूर्ण बसलं नाही तर एसी कॉइल ओढतानाचाच मोठा करंट घेत राहते आणि जळते. त्याआधी थरथरून मोटरचे कॉन्टॅक्ट जातात.

---

ऐरोली_ओव्हन | रविवार, संध्याकाळी ६:०५

मी महापेला एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. आमच्याकडे प्लास्टिकचे हीटर आणि दोन ओव्हन आहेत, सगळे एसएसआरवर. त्यामुळे दुकानदाराच्या सल्ल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एसएसआरला मी नावं ठेवणार नाही. आमचा तापमान कंट्रोलर दर दोन सेकंदांनी हीटर चालू-बंद करतो. दिवसाला त्रेचाळीस हजार वेळा. कॉन्टॅक्टर तिथे काही आठवड्यांत खडखडा होईल. एसएसआरच्या आत हलणारं काहीच नाही. इकडे एक एलईडी पेटते, पलीकडे प्रकाश बघून थायरिस्टर (सेमीकंडक्टरचे स्विच) चालू होतात. बऱ्याच एसएसआरमध्ये तर व्होल्टेज शून्यावर येईपर्यंत थांबून मग चालू होण्याची सोय असते, झटका बसत नाही. आवाज नाही, ठिणगी नाही.

पण तो बंद दरवाजा नाही, हे लक्षात ठेवा. चालू असताना त्याच्यावर एक ते दीड व्होल्ट पडतात. म्हणजे दर अँपिअरमागे एक ते दीड वॉट उष्णता. २५ अँपिअर लिहिलंय ते चांगल्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर. नुसता पॅनलच्या पत्र्यावर स्क्रूने बसवला तर त्याच्या निम्मंही मागू नका, आणि आपल्याकडची मे महिन्यातली मीटररूम कशी असते ते सांगायला नको. बंद असताना काही मिलिअँपिअर गळतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. म्हणून एसएसआर बंद केला म्हणून कोणीही मोटरच्या टर्मिनलला हात घालू नये. हे मी हात जोडून सांगते.

आणि मुख्य गोष्ट. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा चालू स्थितीतच अडकतो. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीत आमचा एक ओव्हन सेट केलेल्या १८० अंशांवर थांबेना. एसएसआर बदलताना कोणीतरी खाली उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट लावायची राहिली होती. आतला थायरिस्टर शॉर्ट. कंट्रोलर बिचारा ‘बंद, बंद’ म्हणत होता. ओव्हन वाचला तो लाइनमध्ये एसएसआरच्या आधी असलेल्या कॉन्टॅक्टरमुळे, ज्याची कॉइल वेगळ्या थर्मोस्टॅटमधून जाते. २२० अंशांना त्याने लाइन तोडली. तेव्हापासून मी कुठलाही हीटर नुसत्या एसएसआरवर सोडत नाही.

खोपटकर दादा, तुमची अडचण पंप बंद न होण्याची आहे. म्हणजे जो उपकरणप्रकार बिघडला की चालूच राहतो, तो तुम्हाला ‘चिकटणार नाही’ म्हणून विकला जातोय.

---

मुंब्रा_मेकर | रविवार, रात्री ८:३०

३० अँपिअरच्या रिलेला सगळे एकदम नाही का म्हणताय? घरच्या एसीच्या आत कॉम्प्रेसर कशावर चालतो, असाच बोर्डावरचा रिले असतो. दिवसातून वीस वेळा चालू-बंद, वर्षानुवर्षं चालतो.

---

रबाळे_पॅनल | रविवार, रात्री ९:१०

बरोबर आहे तुमचं, आणि मी ते सांगायला हवं होतं. त्या रिलेच्या डेटाशीटमध्ये मोटरची वेगळी ओळ असते: एचपी, चालताना किती आणि अडकलेल्या अवस्थेत किती अँपिअर. एसी बनवणारा ती ओळ वाचून निवडतो. शिवाय कॉम्प्रेसर बंद झाल्यावर तीन मिनिटं चालू होऊ न देणारा टायमर बोर्डात असतो. तुम्ही तशी ओळ असलेला रिले, योग्य टर्मिनल आणि वेगळं ओव्हरलोड संरक्षण लावणार असाल तर माझी हरकत नाही. पण सोसायटीच्या मीटररूममध्ये उद्या दुसरा वायरमन येणार. त्याला कॉन्टॅक्टर ओळखता येतो, लोहार चाळीतल्या दुकानात मिळतो, आणि हाताने दाबून बघता येतो. मी तोच निवडेन.

---

कळवा_सिग्नल | सोमवार, सकाळी ७:१५

रेल्वेत सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. ऐरोलीच्या ताईंनी जो मुद्दा काढला तो आमच्या खात्याचा पाया आहे: बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल?

रिले जन्मला तो तारेसाठी, म्हणजे टेलिग्राफसाठी. जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास ते दाखवलं. लांबच्या तारेतून येणारा करंट इतका क्षीण व्हायचा की त्याने काही हलायचं नाही, पण एक हलकी पत्ती ओढता यायची, आणि ती पत्ती पुढच्या बॅटरीचा ताजा करंट सोडायची. टपाल्याने घोडा बदलावा तसं. तिथे अडकला तर एक निरोप चुकणार. सिग्नलमध्ये अडकला तर हिरवा दिवा हिरवाच राहणार.

म्हणून आमच्या रिलेत मोटर चालवण्याची ताकद कोणी मागत नाही. मागणी एकच, करंट गेला की खाली पडलाच पाहिजे. महत्त्वाच्या ठिकाणी एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला कार्बनचा कॉन्टॅक्ट असतो. धातू-धातू वितळून जुळतात, धातू-कार्बन जुळत नाहीत. कार्बनचा रोध जास्त, पण आम्ही तो आनंदाने सोसतो. पत्ती सुटायला वजनाची मदत असते, स्प्रिंग तुटली तरी पृथ्वी आहेच.

कारखान्यांतल्या सुरक्षेच्या रिलेत वेगळी युक्ती असते. सगळे कॉन्टॅक्ट एकाच दांड्याला यांत्रिकरीत्या जोडलेले. एक एनओ (कॉइल बंद असताना उघडा असणारा कॉन्टॅक्ट) चिकटला तर एनसी (कॉइल बंद असताना मिटलेला असणारा) मिटूच शकत नाही. मग पुढचं सर्किट तो एनसी वाचतं आणि यंत्र पुन्हा सुरूच होऊ देत नाही. खोपटकर, तुमच्या ॲपने ‘बंद’ दाखवलं ते कॉइलचा करंट बंद झाला म्हणून. कॉन्टॅक्ट सुटला का, हे त्याने विचारलंच नव्हतं. कॉन्टॅक्टर घेताना एक एनसी सहायक कॉन्टॅक्ट असलेला घ्या, २१-२२ लिहिलेलं असतं. त्यावर एक दिवा लावा. तो पेटला की कॉन्टॅक्टर खरंच सुटला.

---

खारघर_गच्ची | सोमवार, सकाळी ११:४८

इथेच विचारतो. गच्चीवर सोलरची चार पॅनल आहेत, सिरीजमध्ये साधारण १६० व्होल्ट डीसी. रात्री लाइन तोडायला २५० व्होल्ट १० अँपिअरचा रिले चालेल ना? व्होल्टेज तर कमीच आहे.

---

कळवा_सिग्नल | सोमवार, दुपारी १२:३०

नाही. कृपया लावू नका.

त्याच रिलेवर बारीक अक्षरात पुढची ओळ वाचा, ‘१० अँपिअर ३० व्होल्ट डीसी’ असं असेल. एसीचा करंट सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी आपोआप विझते. डीसीत तो क्षण कधीच येत नाही. फट पडते, ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते, रिले वितळेपर्यंत.

मुंबईच्या लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी आलं. त्या जुन्या डीसी गाड्यांतल्या कॉन्टॅक्टरला ठिणगी फुंकून बाहेर काढणारी चुंबकीय कॉइल आणि वर ठिणगी लांबवणारे कप्पे असायचे. सगळा आटापिटा त्या शून्याच्या अभावासाठी.

तुम्हाला डीसीसाठीच बनवलेला स्विच किंवा कॉन्टॅक्टर लागेल, तुमच्या १६० व्होल्टच्या वर रेटिंग असलेला. थंड सकाळी पॅनलचं व्होल्टेज वाढतं, तेही धरा. आणि त्यावर अधिक-उणे खूण असेल तर उलटं जोडू नका, आतलं चुंबक ठिणगी चुकीच्या बाजूला ढकलतं.

---

वाशी_तिसरं_वर्ष | सोमवार, दुपारी ४:२०

आमच्या प्रोजेक्टला छोटा ५ व्होल्टचा रिले आहे, कॉइलला उलटा डायोड लावला. ट्रान्झिस्टर जळायचा थांबला पण रिले हळू सुटतो असं वाटतं. भास आहे का?

---

ऐरोली_ओव्हन | सोमवार, रात्री ९:०२

भास नाही. कॉइलमधला करंट डायोडमधून फिरत हळूहळू संपतो, तेवढा वेळ पत्ती धरून राहते. पंख्याला, दिव्याला चालेल. लवकर सोडायचा असेल तर डायोडबरोबर सिरीजमध्ये झेनर डायोड लावा, ट्रान्झिस्टरला सोसेल एवढ्या व्होल्टेजचा.

---

खोपटकर | शनिवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काम झालं.

एसी-३ ला १२ अँपिअरचा कॉन्टॅक्टर, खाली ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढत राहिली की तिला बंद करणारा), वर एमसीबी. रबाळेच्या दादांनी फोनवर बजावलं की शॉर्ट सर्किट तोडणं हे कॉन्टॅक्टरचं काम नाही, ते एमसीबीचं, म्हणून तो विसरू नका. गच्चीवरच्या टाकीत तरंगता स्विच टाकला आणि त्याची वायर कॉइलच्या सिरीजमध्ये घेतली. म्हणजे टाकी भरली की कॉइल सुटणार, मोबाइल काहीही म्हणो. एनसीवर हिरवा दिवा लावला. वॉचमनकाकांना दाखवला: हा पेटला की पंप खरंच बंद.

क्लॅम्प मीटरने सुरुवातीचा करंट पकडला. ४३ अँपिअर दाखवला, मग ८.६ वर स्थिरावला. तो ४३ बघून मी दोन मिनिटं गप्प बसलो.

एकच अडचण. ओव्हरलोड ९ वर ठेवलाय, करंट ८.६, तरी पाच-सात मिनिटांनी ट्रिप होतोय. वायरमनने फेज आणि न्यूट्रल दोन पोलमधून घेतलेत, तिसरा रिकामा आहे.

---

रबाळे_पॅनल | शनिवार, रात्री ११:१५

तेच कारण. तो तीन फेजचा ओव्हरलोड आहे. तिसऱ्या पत्तीतून करंट नाही म्हणजे एक फेज गेली असं तो समजतो आणि लवकर सोडतो. न्यूट्रल दुसऱ्या पोलमधून बाहेर काढा, तिथून लूप करून तिसऱ्या पोलमधून न्या, मग मोटरला. तिन्ही पत्त्यांतून तोच करंट गेला पाहिजे. डायल ९ वरच राहू द्या, वाढवू नका.

---

खोपटकर | रविवार, सकाळी ८:४०

सकाळी वायरमनला बोलावून लूप केला. पंप चाळीस मिनिटं सलग चालला, टाकी भरल्यावर खाली मीटररूममध्ये ठक्‌ असा आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. ट्रिप झाला नाही.